दुबईतल्या शाळेची नोकरी: सही करण्याआधी मी काय काय तपासलं

ऑफर लेटर हातात आलं की नजर आधी एकूण पगारावर जाते. माझीही गेली. पण दुबईतल्या सीबीएसई शाळेचं लेटर वाचताना आधी बघायचा तो मूळ पगार, म्हणजे बेसिक. समजा, दोन शाळा महिन्याला ४,००० दिरहमच देतात. एकीचं बेसिक १,६०० आणि बाकी भत्ते, दुसरीचं बेसिक २,८००. दर महिन्याला हातात येणारी रक्कम सारखीच. पण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर काढतात. एक वर्ष पूर्ण झालं की पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचं. म्हणजे पहिल्या शाळेत वर्षाला १,१२० दिरहम, दुसरीत १,९६०. पाच वर्षांत ४,२०० दिरहमांचा फरक पडतो, एका महिन्याच्या पगाराहून जास्त. शिल्लक रजेचे पैसेही बेसिकवरच मिळतात. म्हणून लेटरमध्ये बेसिक वेगळं लिहिलेलं नसेल तर ते लेखी मागून घ्यायचं.

त्यानंतर घराचा प्रश्न. शाळा राहायला जागा देणार असेल तर खोलीत किती जणी, स्वयंपाकघर कितीजणींत, हे विचारायला लाजू नये. भत्ता देणार असेल तर दुबईत घरभाडं वर्षाच्या हिशेबाने ठरतं आणि बहुतेक वेळा मोजक्या आगाऊ चेकने द्यावं लागतं, हे ध्यानात ठेवावं. पहिला पगार व्हायच्या आतच मोठी रक्कम लागते. घरच्यांना आपल्या व्हिसावर न्यायचं असेल तर पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, अशी अट आहे. पगार या आकड्याच्या जवळपास असेल तर शंभर-दोनशे दिरहमांसाठीही बोलून बघावं. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीचा पगार, विमानाचं तिकीट दरवर्षी की दोन वर्षांनी, आणि आठवड्याला शिकवायचे तास (पीरियड) किती, हे मी एकाच ईमेलमध्ये विचारलं. तासांचं उत्तर आकड्यातच घ्यावं, आणि गैरहजर शिक्षकांचे तास त्यात धरलेत का तेही. आठवड्याला २४ तास आणि ३० तास यांत वह्या तपासण्याच्या दोन संध्याकाळींचा फरक असतो.

शाळा कशी आहे हे शोधायला कुणाच्या ओळखीची गरज लागत नाही. दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते आणि तिचे तपासणी अहवाल सगळ्यांना खुले आहेत. शेरा उत्कृष्ट आहे की जेमतेम, तेवढं पाहून थांबू नये. अनेक अहवालांत दरवर्षी किती टक्के शिक्षक शाळा सोडतात याचाही आकडा असतो, माझ्या मते शेऱ्यापेक्षा तोच जास्त बोलका. अबुधाबीसाठी अडेक आणि शारजासाठी स्पिया या संस्था आहेत. लेटरवरच्या नंबरवर फोन न करता या संस्थांच्या यादीत शाळेचा जो नंबर आहे त्यावर करावा आणि अशी जागा खरंच निघाली आहे का, ते विचारावं.

एजंट असेल तर त्याचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो. भारतीय नियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो, तेही पावती देऊन. अमिरातीच्या कायद्याने भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. त्यामुळे ‘व्हिसा प्रोसेसिंग’ म्हणून कुणी लाखभर मागितले, तर बोलणं तिथेच थांबवावं. ‘टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बदलून घेऊ’ हेही ऐकायचं नाही. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती कागदपत्रं. अपोस्टिल म्हणजे एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याचा देशोदेशींचा करार. अमिरात त्यात नाही, त्यामुळे पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा आणि तिकडे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, असा क्रम आहे. शिक्के प्रमाणपत्राच्या पाठीमागे मारतात. आपण जपून ठेवायचं म्हणून प्रमाणपत्र लॅमिनेट करतो आणि शिक्का मारायलाच जागा राहत नाही. अशा वेळी विद्यापीठातून दुसरी प्रत काढावी लागते. पासिंग सर्टिफिकेट चालेल असं गृहीत धरू नये, पदवीदानाचं प्रमाणपत्रच हातात असावं. बी.एड. मुक्त विद्यापीठातून केलं असेल तर ते चालेल का, हे सहीच्या आधी लेखी विचारावं.

आपल्याकडच्या बायकांची खरी अडचण नावाची. प्रमाणपत्रावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तिकडच्या अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या बायका वाटतात. राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि विवाहाचा दाखला आधीच काढून ठेवावा. विवाहाच्या दाखल्यावरही शिक्के लागतात, पण राज्य पातळीवर त्याचं खातं वेगळं आहे. पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र अगदी शेवटी काढावा, तो लवकर जुना होतो.

शाळेच्या लेटरनंतर अमिरातीच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातली ऑफर येते. कायद्याच्या दृष्टीने वजन तिलाच. दोन्ही कागद शेजारी ठेवून बेसिक, पद, प्रोबेशन आणि नोटीस हे चार रकाने बोट ठेवून जुळवावेत. तिकडच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार प्रोबेशन सहा महिन्यांच्या वर नसतं आणि नोटीस ३० ते ९० दिवसांची असते. प्रोबेशनमध्ये देश सोडायचा तर १४ दिवस आधी कळवावं लागतं, तिथेच दुसऱ्या शाळेत जायचं तर महिनाभर आधी. पासपोर्ट शाळेने ठेवून घेणं बेकायदा आहे.

इकडचा राजीनामा मंत्रालयाची ऑफर जुळल्यावरच द्यावा. महाराष्ट्रातल्या खासगी शाळेत कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस लागते, कायम नसेल तर एका महिन्याची. तिकडच्या सीबीएसई शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि ऑफर बऱ्याचदा फेब्रुवारीत येते, तेव्हा हजर होण्याची तारीख पुढे ढकलून मागावी, नाहीतर कमी पडलेल्या नोटिशीचे पैसे भरायची तयारी ठेवावी. राजीनाम्याच्या प्रतीवर मुख्याध्यापकांची तारखेसह पोच घ्यावी आणि विषय, इयत्ता, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख लिहिलेला अनुभवाचा दाखला शेवटच्या दिवशीच हातात घ्यावा.