रोग नसलेल्या देशातून परत

मार्च 2020 मध्ये मला, एका संस्थेच्या स्वयंसेवकाला, आफ्रिकेतल्या मलावीहून परत बोलावण्यात आले, तेव्हा त्या देशात कोरोनाचा एकही रुग्ण नोंदला गेलेला नव्हता, आणि ज्या महाराष्ट्रात मी परतत होतो तेथे रुग्णसंख्येने चाळीशी ओलांडली होती. ‘स्वयंसेवकांच्या सुरक्षिततेसाठी’ असे संस्थेच्या पत्रात कारण दिले होते. संस्थेला दोष देण्याचा माझा हेतू नाही. 11 मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केल्यावर विमाने कधी बंद होतील याचा नेम राहिला नव्हता, आणि अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक संस्थेनेही 15 मार्चला जगभरातले आपले सगळे स्वयंसेवक माघारी घेत असल्याचे जाहीर केले होते. शिवाय दक्षिण मलावीतल्या खेड्यात परदेशी माणूस गंभीर आजारी पडला असता, तर तिथल्या अपुऱ्या दवाखान्यावर त्याचा भार पडलाच असता. तरीही सुरक्षितता नेमकी कोणाची, हा प्रश्न तेव्हाही पडला होता आणि आजही सुटलेला नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, कास्तकाराच्या घरचा. आमच्याकडे कपाशीच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, तूर असते. मलावीच्या दक्षिण भागात ती मक्यात असते आणि तिला ‘नांडोलो’ म्हणतात. तिथली बरीचशी तूर भारतात येते, म्हणजे ती आमच्याच तुरीची स्पर्धक. 2017 साली आमच्याकडे तूर अमाप पिकली, बारदाना नाही म्हणून खरेदी केंद्रांसमोर पोत्यांच्या थप्प्या लागल्या, आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने आयातीवर मर्यादा घातली. आम्हांला तो निर्णय उशिराचा वाटला. मलावीतल्या शेतकऱ्यांना तो वज्राघातासारखा होता, कारण त्यांच्या तुरीला दुसरे मोठे गिऱ्हाईकच नव्हते. ही दुसरी बाजू मला तेथे गेल्यावर समजली. तूर अख्खी विकण्याऐवजी तिची डाळ करून विकता आली तर थोडा आधार होईल, या विचाराने फालोम्बे जिल्ह्यातल्या एका महिला गटाला छोटी डाळ मिल बसवून द्यायची, हे माझे काम होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ मिलवर मी आधी काम केलेले असल्यामुळे माझी निवड झाली होती.

डाळ मिल चालवणे म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हे. तुरीला आधी रोलरवर ओरखडे काढायचे, मग तेल चोळून मुरत ठेवायचे, उन्हात वाळवायचे, पाण्याचा हात द्यायचा, पुन्हा वाळवायचे आणि मगच टरफल काढायचे. दाणा पुरेसा वाळला की नाही, हे दाताखाली धरून ओळखावे लागते. कटकन तुटला तर ठीक, चिवट लागला तर डाळीपेक्षा चुरीच जास्त निघते. गटातल्या बायका हे माझ्यापेक्षा लवकर शिकल्या, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. पण आम्ही शिकत होतो ते मागल्या वर्षीच्या उरलेल्या तुरीवर. तिथली नवी तूर जुलैपासून पुढे निघते. मी निघालो तेव्हा मक्याची कणसे भरली होती आणि त्याखाली तूर जेमतेम कमरेएवढी होती. ज्या हंगामासाठी गेलो होतो, तो सुरू होण्याआधीच मी बॅग भरत होतो.

गटाचे काम पाहणारी माझी स्थानिक सहकारी त्या दिवशी वही घेऊन आली आणि रोलरमधले अंतर कोणत्या दाण्याला किती ठेवायचे, एवढेच तिने विचारले. तिला कोणी परत बोलावणार नव्हते.

ब्लांटायरहून अदिस अबाबामार्गे मुंबईला उतरलो, तेव्हा डाव्या हाताच्या मागे शिक्का मारण्यात आला. असा शिक्का असलेल्या प्रवाशांना रेल्वेतून उतरवत असल्याच्या बातम्या होत्या, म्हणून भाऊ गाडी घेऊन आला; मी मागच्या सीटवर बसलो आणि जालना, मेहकर, कारंजा करत काचा उघड्या ठेवूनच यवतमाळपर्यंत आलो. गावात न जाता वावरातल्या कोठ्यात चौदा दिवस राहायचे, असे घरच्यांनी आधीच ठरवले होते. माय डबा धुऱ्यावर ठेवून मागे सरकायची. गुढीपाडवा 25 मार्चला होता, आणि त्याच दिवसापासून देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी लागू झाली. शेजारच्या वावरातल्या आबाजींनी दुरूनच विचारले, “तिकडं तं एकबी पेशंट नाई म्हन्तं, मंग इकडं कायले आला बाप्पा?” संस्थेच्या पत्रातले उत्तर त्यांना सांगण्यासारखे नव्हते.

गावाने रस्त्यावर काट्या टाकल्या होत्या, आणि त्या गैर होत्या असे मला वाटत नाही. गावाच्या दृष्टीने धोका बाहेरून येणार होता आणि मी बाहेरून आलो होतो. पण घरोघरी कापूस पडून होता, खरेदी बंद होती, आणि टाळेबंदीचा हिशेब त्या कापसापर्यंत पोहोचलेला नव्हता. मलावीत पहिले रुग्ण 2 एप्रिलला आढळले. तेथील सरकारनेही एप्रिलमध्ये एकवीस दिवसांचीच टाळेबंदी जाहीर केली, परंतु हातावर पोट असलेल्यांच्या जगण्याचा प्रश्न पुढे करून लोक न्यायालयात गेले आणि न्यायालयाने तिला अंमलात येण्याआधीच स्थगिती दिली. कोठ्यात बसून मोबाईलवर ती बातमी वाचताना, ज्या देशाला आपण मदत करायला गेलो होतो त्याच्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहिले, हे खरे.

ऑगस्टमध्ये नवी तूर निघाल्यावर सहकारीचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, की डाळीपेक्षा चुरी जास्त पडते आहे. मी आमच्या तालुक्यातल्या एका डाळ मिलवर जाऊन रोलर कसा सरकवायचा याचा व्हिडिओ काढून पाठवला. तिचे उत्तर दोन दिवसांनी आले: रोलर ठीकच होता, दाणा ओला होता, तो तिने आधीच दाताखाली धरून पाहिला होता आणि आणखी एक ऊन देऊन काम भागवले होते.