‘रीबिल्ड’ दाबण्याआधी: संगणकावर न सापडणाऱ्या फायली

गोव्यातल्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा स्कॅन करून ठेवलेला असतो. मामलेदार कचेरीत जायच्या आदल्या रात्री सर्चमध्ये ‘उतारा’ लिहिलं की पडदा कोरा. मग कुणीतरी सांगतं, इंडेक्स (सर्चसाठी विंडोजने आधीच करून ठेवलेली फायलींची नावं आणि मजकुराची सूची) रीबिल्ड कर, म्हणजे नव्याने बांध. संगणक रात्रभर चालतो, आणि सकाळीही पडदा कोराच राहतो. रीबिल्डने फक्त एकच दुखणं बरं होतं, ते म्हणजे बिघडलेला इंडेक्स. फाईल न सापडण्याची बाकीची कारणं वेगळी आहेत, आणि गोव्यात आपल्याकडे मराठी, कोंकणी, इंग्रजी आणि पोर्तुगीज कागद एकाच फोल्डरमध्ये नांदत असल्यामुळे तीच जास्त आढळतात. इथे लिहिलेलं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी पाच मिनिटांची चाचणी घ्या. डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये नोटपॅडची एक नवी फाईल करा. तिला कुठल्याच फाईलला नसेल असं नाव द्या, आणि आत दुसरा एक बनावट इंग्रजी शब्द लिहा. दोन-तीन मिनिटं थांबून त्याच फोल्डरच्या सर्च चौकटीत आधी नाव आणि मग आतला शब्द शोधा. दोन्ही सापडले तर इंडेक्स ठणठणीत आहे, त्याला हात लावू नका. दोष जुन्या फाईलमध्ये किंवा तिच्या जागेत आहे. नाव सापडलं पण आतला शब्द नाही, तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून ‘फाईल टाइप्स’चं पान उघडा. तिथे त्या प्रकारच्या फायलींपुढे ‘इंडेक्स प्रॉपर्टीज ओन्ली’ असेल, ते बदलून ‘इंडेक्स प्रॉपर्टीज अँड फाईल कंटेंट्स’ करा. दोन्ही सापडलं नाही तरच इंडेक्सच्या दुरुस्तीकडे वळा.

जागेचा प्रश्न चटकन सुटतो. सर्चच्या सेटिंगमधल्या ‘क्लासिक’ पद्धतीत विंडोज फक्त लायब्ररी (डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखे ठरलेले फोल्डर) आणि डेस्कटॉप धुंडाळतं. कागदपत्रं डी ड्राइव्हवर असतील तर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘मॉडिफाय’ दाबून त्या फोल्डरवर टिक करा. ‘एन्हान्स्ड’ निवडलं की अख्खा संगणक इंडेक्स होतो, पण ते सरसकट करू नये असं माझं मत आहे. मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार इंडेक्समधल्या वस्तू ४ लाखांच्या वर गेल्या की तो जड होऊ लागतो, आणि १० लाख ही त्याची मर्यादा. घरच्या संगणकाला चार-पाच नेमके फोल्डर पुरतात. वनड्राइव्हमधल्या ज्या फाईलवर ढगाचं चिन्ह दिसतं तिचं नाव सापडेल, मजकूर नाही. राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. व्हॉट्सॲपवर आलेले कागद नुसते उघडून बंद करू नका, ‘सेव्ह ॲज’ने डॉक्युमेंट्समध्ये आणा, कारण ॲप्सचा स्वतःचा ‘ॲपडेटा’ फोल्डर इंडेक्समधून मुळातच वगळलेला असतो.

आता स्कॅन. पीडीएफ उघडा आणि माऊसने एखादी ओळ निवडून बघा. ओळ निवडली जात नसेल किंवा सगळं पान एका चौकोनासारखं निवडलं जात असेल, तर तो कागदाचा फोटो आहे. त्यात अक्षरं नाहीत, म्हणून कितीही रीबिल्ड केलं तरी ‘सर्व्हे नंबर’ सापडणार नाही. अशा फाईलला ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन, अक्षरांचा थर द्यावा लागतो. नॅप्स-२ हा मोफत प्रोग्रॅम घरच्या कामाला उत्तम आहे. त्याच्या ओसीआर सेटिंगमध्ये मराठी, इंग्रजी आणि गरजेप्रमाणे पोर्तुगीज भाषा उतरवून घ्या. जुनी पीडीएफ ‘इम्पोर्ट’ करा आणि शोधता येणारी पीडीएफ म्हणून वेगळ्या नावाने सेव्ह करा. मूळ फाईल पुसू नका. नवीन स्कॅन ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) करा. १५० वर इंग्रजी कसंबसं वाचलं जातं, पण देवनागरीतल्या मात्रा, अनुस्वार आणि रफार गळतात.

१९६१ पूर्वीच्या हस्तलिखित पोर्तुगीज दस्तांवर मात्र ओसीआरचा वेळ घालवू नका. ते वळणदार अक्षर त्याला झेपत नाही. अशा कागदाचं नावच बोलकं ठेवावं: गाव, वाडा, कागदाचा प्रकार, वर्ष. ‘स्कॅन००१७’ हे नाव सहा महिन्यांनी कुणालाच काही सांगत नाही. पोर्तुगीज नावांमध्ये अक्षरांवर लाट किंवा सी खाली शेपटी असली तरी साध्या इंग्रजी अक्षरांत शोधलेलं चालतं. फक्त ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’च्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये, अशा चिन्हांचे शब्द वेगळे मानण्याचा पर्याय टिक केलेला नसावा. मुळात तो नसतोच. कुणी उत्साहाने टिक केला असेल तर काढा, त्यानंतर इंडेक्स नव्याने बांधला जातो.

सगळ्यात कमी ओळखलं जाणारं कारण म्हणजे जुने फाँट. देवस्थान समितीची इतिवृत्तं, नाटकांच्या संहिता, भजनी मंडळांच्या वह्या अनेक ठिकाणी श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीटीटी-सुरेखसारख्या फाँटमध्ये टाइप झाल्या. पडद्यावर ‘सभा’ दिसतं, पण फाईलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फाँट त्यांना फक्त मराठीचा वेश चढवतो. आज आपण युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत) ‘सभा’ टाइप करतो तेव्हा संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. ओळखायची पद्धत सोपी आहे: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर फाईल युनिकोडमध्ये नाही. त्या त्या फाँटचा युनिकोड कन्व्हर्टर वापरून मजकूर बदलावा लागेल. बदलून झाल्यावर ‘ऱ्या’, ‘श्र’, ‘क्ष’, रफार आणि ऱ्हस्व इकार हे डोळ्यांनी तपासा, कारण चुका तिथेच होतात. हीच नोटपॅडची कसोटी मराठी पीडीएफलाही लावा. काही पीडीएफमध्ये अक्षरांचा थर असतो, पण कॉपी केल्यावर वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसतात. दिसायला स्वच्छ असली तरी अशी फाईल सर्चला वाचता येत नाही. तिलाही स्कॅन समजून ओसीआर करा.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून साठवता येतं किंवा ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशा दोन तुकड्यांत. ‘ऱ्या’चंही तेच, कारण कीबोर्डगणिक त्याचा आतला साठा बदलतो. फोनवर ‘ॲडमिशन’ असं नाव दिलेली फाईल संगणकाच्या कीबोर्डवरून त्याच नावाने न सापडण्याचं कारण हे असू शकतं. उपाय म्हणजे शब्दाचा असा तुकडा शोधा ज्यात ही अक्षरं नाहीत, आणि त्याच्या आधी तारा लावा: *मिशन. तारा महत्त्वाचा आहे. विंडोजचा सर्च शब्दाच्या सुरुवातीपासून जुळवतो, मधला तुकडा नुसता लिहिला तर बहुतेकदा हाती काही लागत नाही. नाव आठवत नसेल तर इंग्रजीत ‘डेट’, त्याला चिकटून कोलन आणि वर्ष लिहा. त्या वर्षातल्या फायली समोर येतात.

आणि आता खरोखर बिघडलेला इंडेक्स. पावसाळ्यात वीज अचानक जाते. त्या क्षणी इंडेक्सच्या डेटाबेसमध्ये लिहिणं चालू असेल तर तो अर्धवट राहून बिघडतो. डेस्कटॉप संगणकाला यूपीएस हवाच. दुरुस्तीसाठी विंडोज की आणि आर दाबून चौकटीत services.msc लिहा आणि सर्व्हिसेसची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी उघडा. यादीत ‘विंडोज सर्च’ चालू आहे का आणि स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ आहे का ते बघा. ‘डिलेड’ असल्यामुळे संगणक सुरू झाल्यावर पहिली दोनेक मिनिटं ती बंद दिसते, घाबरू नका. संगणक ‘वेगवान’ करणारे प्रोग्रॅम ही सर्व्हिस ‘डिसेबल्ड’ करून ठेवतात. तसं असेल तर परत ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा.

सर्व्हिस चालू असूनही चाचणी फसली तर आधी डिस्क तपासा. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘टूल्स’, ‘चेक’. डिस्कच खराब असेल तर नवा इंडेक्सही पुन्हा मोडेल, शिवाय तेव्हा पहिलं काम बॅकअपचं. मोकळी जागाही बघा. इंडेक्सचा आकार साधारणपणे इंडेक्स केलेल्या फायलींच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असतो, पण ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असला तर तेवढीही मिळत नाही. मग ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’, ‘ॲडव्हान्स्ड’, ‘रीबिल्ड’. लॅपटॉप चार्जरला लावा, स्लीप बंद ठेवा आणि काम थांबवा. तुम्ही माऊस हलवत राहिलात तर विंडोज आपला वेग मुद्दाम कमी करतं आणि तसं त्या खिडकीत लिहूनही दाखवतं. तो बिघाड नव्हे. फायली जास्त असतील तर काही तास लागतात, आणि ‘इंडेक्सिंग कम्प्लीट’ दिसेपर्यंत सर्चची परीक्षा घेऊ नका.

त्या खिडकीतला इंडेक्स झालेल्या वस्तूंचा आकडा तासभर शून्यावरच राहिला तर ‘विंडोज सर्च’ सर्व्हिस थांबवा. सी ड्राइव्हवरच्या लपलेल्या ‘प्रोग्रॅमडेटा’मध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात सर्च, त्यात ‘डेटा’ हा फोल्डर आहे. तो पुसू नका, फक्त नाव बदला, आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. विंडोज नवा फोल्डर स्वतः तयार करतं. आठवडाभर सगळं नीट चाललं की जुना काढून टाका.

फक्त नावावरून शोधायचं असेल तर व्हॉइडटूल्सचा ‘एव्हरीथिंग’ हा मोफत प्रोग्रॅम सोबत ठेवावा. तो एनटीएफएस (विंडोजची नेहमीची साठवण पद्धत) ड्राइव्हची फायलींची मूळ यादीच वाचतो, म्हणून लाखो नावं क्षणात चाळतो आणि शब्दाचा मधला तुकडाही शोधून देतो. पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट किंवा फॅट३२ या दुसऱ्या पद्धतींचे असतात. त्यांच्यासाठी त्याच्या ऑप्शन्समध्ये ‘फोल्डर्स’खाली ते वेगळे जोडावे लागतात.