दोन पिक्चर आणि मसाला सोडा

जळगावात आज ऊन असलं होतं की मित्र म्हणाला चल भो एसीत बसू, आणि एकाच तिकिटात दोन पिक्चर, आधी १९८५ चा धूमधडाका, मग लगेच १९८८ चा अशी ही बनवाबनवी, म्हणजे अशोक सराफ आणि लक्ष्या, डबल डोस! मसाला सोडा खुर्चीवरच आणून देतात, पण लक्ष्या साडीत आला तर तो पोरगा ट्रे धरून मधेच उभा राहून हसतोय, मागचे ओरडताय "ए बाजूला हो ना". सोडा आला तेव्हा पार कोमट. सुधीर जोशींचा घरमालक मात्र काय केलाय राव, त्यांचं नाव कुणी पटकन घेतच नाही. नंतर शेवभाजी हाणली, तोंड अजून जळतंय 😂