चाळीस-पंधरा

१४ जुलै २०१९, रविवार. घरात टीव्ही एक आणि फायनल दोन. बाबांना लॉर्ड्सवरची वर्ल्डकप फायनल बघायची होती (भारत सेमीलाच बाहेर पडलेला, धोनीचा तो रनआऊट अजून घशात अडकलेला, तरीपण) आणि मला विम्बल्डनची, टेनिसमधली फेडरर विरुद्ध जोकोविच. शेवटी तह झाला, ओव्हर संपली की रिमोट माझ्याकडे, आणि एंड बदलायच्या आधी खेळाडू खुर्चीत बसले की रिमोट बाबांकडे. पण पाचव्या सेटला ८-७ वर फेडरर सर्व्हिसला आला आणि मी रिमोट मांडीखाली घालून बसलो. बघता बघता ४०-१५. दोन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे दोनातला एक जरी जिंकला तरी विम्बल्डन त्याचं, वय ३७, एकविसावं ग्रँडस्लॅम समोर. मी फोन उचलून ग्रुपवर "एकवीस!!!" टाईप करूनही ठेवलं, फक्त सेंड दाबायचं बाकी.

बाबा म्हणाले, "झालं की हे. लाव आता क्रिकेट."

मी म्हटलं थांबा जरा. कारण मला २०११ आठवलं होतं.

यूएस ओपनची सेमी, हेच दोघं. फेडरर पहिले दोन सेट जिंकलेला, पाचव्यात ५-३, सर्व्हिस त्याची, आणि स्कोअर हाच, ४०-१५. जोकोविचने रिटर्नवर असा काही फोरहँड ओढला की बॉल कुठून गेला तेच कळलं नाही, आणि मग हात वर करून पब्लिककडे बघत उभा राहिला, म्हणजे आतातरी टाळ्या वाजवा की माझ्यासाठी! मॅच ७-५ ने त्याची. त्याच्या आदल्या वर्षी, त्याच कोर्टवर, सेमीलाच, फेडररचे दोन मॅच पॉइंट असेच गेलेले. २०११ ला हरल्यावर फेडरर प्रेसमधे चिडलेला होता, हरत आलेला माणूस अशा वेळी असा फटका मारतोच कसा हे त्याला पटतच नव्हतं. मला वाटतं खरी जखम तिथे झाली. समोरच्याचं डोकं आपल्यापेक्षा वेगळं चालतं हे एकदा कळलं की ते विसरता येत नाही.

आता सोफ्यावर बसलेल्या मला जर हे सगळं आठवत होतं तर सर्व्हिससाठी बॉल आपटत उभ्या असलेल्या त्याला आठवलं नसेल?

पहिल्या पॉइंटला त्याचा फोरहँड बाहेर गेला, दुसऱ्याला तो नेटकडे धावला आणि जोकोविचने त्याच्या बाजूने तिरका पास काढला. माझ्यासाठी तिथेच संपलं, पण मॅच लांबत गेली. त्या वर्षी नवीन नियम होता, १२-१२ झालं की टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारी पॉइंटांची छोटी लढत, तिथे ७-३ ने गेली मॅच. ४ तास ५७ मिनिटं.

दुसऱ्या दिवशी जो तो "फेडरर चोकर" म्हणत होता आणि माझं डोकं फिरत होतं. अरे, पूर्ण मॅचमधे पॉइंट कोणाचे जास्त? फेडररचे २१८, जोकोविचचे २०४. चोक करणारा माणूस चौदा पॉइंट जास्त घेतो का? पण तीन टायब्रेक झाले आणि तिन्ही जोकोविचचे, आणि त्या तिन्हींत मिळून त्याची अनफोर्स्ड एरर (समोरच्याच्या दबावाशिवाय, आपणहून केलेली चूक) शून्य. तिथे त्याने फार भारी काही केलंच नाही, बॉल आत ठेवला आणि समोरच्याला विचार करायला वेळ दिला बस.

आणि सेंटर कोर्टवर सगळे "रॉजर, रॉजर" ओरडत होते ना, तर जोकोविचने नंतर सांगितलं की ते "रॉजर" ओरडले की मी मनात "नोवाक" ऐकतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, मग जरा भीतीच वाटली या माणसाची.

मी स्वतः टेनिस खेळत नाही, आमचा प्रांत कॅरम. पण मावसभावाबरोबर खेळताना राणी घेतली की कव्हर म्हणून कितीही सोपी सोंगटी समोर असू दे, माझा स्ट्रायकर हमखास भरकटतो. बाकी कोणासमोर नाही, फक्त त्याच्यासमोर. तो काही बोलतही नाही, पावडर टाकत बसतो नुसता.

२०२४ ला फेडरर डार्टमथ कॉलेजमधे भाषणात म्हणाला की करिअरमधे सिंगल्सच्या जवळजवळ ८० टक्के मॅच जिंकलो पण पॉइंट फक्त ५४ टक्के, म्हणून गेलेला पॉइंट सोडून द्यायला शिका. मान्य, शंभर टक्के मान्य. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं की रॉजरभाऊ, ते दोन सुटले का तुमच्याकडून? आणि गंमत बघा, त्याच २०१९ च्या नोव्हेंबरात लंडनला एटीपी फायनल्स या वर्षअखेरच्या स्पर्धेत याच जोकोविचला त्याने सरळ दोन सेटमधे झोडला. मग "मनात भीती बसली होती" या माझ्या थिअरीचं काय करायचं? ती गटातली मॅच होती, विम्बल्डन नव्हतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढतो.

असो. त्या रात्री "एकवीस!!!" एकेक अक्षर मागे घेत पुसलं आणि रिमोट बाबांना दिला. तिकडे मॅच टाय, मग सुपर ओव्हर, तीपण टाय, आणि चौकार-षटकार मोजून कप इंग्लंडला. बारा वाजता बाबा टीव्ही बंद करत म्हणाले, "यापेक्षा तुझं टेनिस बरं. तो निदान हरला तरी!"