मोरपंखीचे पट्टे: चोर सापडला, पातेलं निर्दोष

घरी मोरपंखी रंगवलेल्या नायलॉनच्या धाग्याचं रडगाणं पुन्हा एकदा, पण आज जरा हसत. आठवतंय ना, त्या धाग्याने विणलेल्या पिशवीत दर चार-पाच ओळींनी फिकट पट्टा येत होता आणि मी सगळं खापर रंगवतानाच्या माझ्या घाईवर फोडलं होतं? म्हणून दोन महिने शहाण्यासारखी वागले. आधी साबणाच्या गरम पाण्यात धागा धुवून त्याचं तेल काढलं, मग ४० अंशांपासून सुरुवात, मिनिटाला एक अंश, व्हिनेगर एकदम न ओतता तीनदा थोडं थोडं, लडी सारखी खालीवर. चट्टे गेले, शेवटी पातेल्यातलं पाणी पण जवळजवळ नितळ (फोटो काढून ठेवलाय!). पट्टे मात्र जसेच्या तसे.

रविवारी डोकं चाललं. दोन्ही कोनांचा (धाग्याच्या मोठ्या रिळांचा) कोरा, न रंगवलेला धागा घेऊन एकाच तुकड्यात आळीपाळीने सहा-सहा ओळी विणल्या आणि तो तुकडाच रंगात सोडला. पाणी तेच, रंग तोच, वेळ तीच, आणि बाहेर काढला तर रेघांची वही! एक पट्टा गडद, एक फिकट. कोरा असताना मी खिडकीत धरून बघितला होता, काही म्हणजे काही फरक नव्हता. मग कोनाच्या आतली चिठ्ठी वाचली तर लॉट नंबर वेगळे, म्हणजे मिलमध्ये वेगवेगळ्या खेपेत बनलेले. दुकानदार तर छातीठोकपणे म्हणाला होता, "एकच माल आहे ताई."

मिलमध्ये धागा ओढताना ताण किंवा हीट सेटिंगचं (उष्णता देऊन धागा पक्का करण्याचं) तापमान जरा हललं तरी धाग्याच्या आतली रचना कमी-जास्त घट्ट होते आणि रंगाला शिरायची वाट बदलते, शिवाय अ‍ॅसिड डाय (व्हिनेगर घालून चढवतो तो हा रंग) ज्या अमाइन टोकांना (नायलॉनच्या रेणूतल्या रंग पकडणाऱ्या जागांना) धरतो तीही लॉटनुसार कमी-जास्त. एक कोन नायलॉन ६ आणि दुसरा ६६ (नायलॉनचेच दोन प्रकार) असेल अशीही शंका येतेय, कारण ६ जास्त गडद रंगतो. आणि आमचा टर्कॉइज, म्हणजे हाच मोरपंखी रंग, असला चुगलखोर की सगळं उघडं पाडतो, तसलाच तुकडा पिवळ्यात रंगवला तर पट्टे शोधावे लागले.

आता उरलेला धागा नेव्ही ब्लू करून टाकणार होते, पण लिहिता लिहिता सुचलं, दोन्ही कोनांचे धागे जोडीनेच विणले तर? प्रत्येक टाक्यात गडद-फिकट दोन्ही येतील, पट्टा पडायला जागाच नाही. नेव्ही रद्द. दोन लड्या भिजत घातल्यात, कुकर उतरला की शेगडी माझी.