उपेक्षा म्हणजे जवळून पाहणे

गेल्या वर्षी एका समुपदेशन केंद्रासाठी मी सोळा पानांच्या पुस्तिकेचा मराठी अनुवाद करीत होते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्या नातेवाइकांसाठी ती पुस्तिका होती. मजकूर सोपा होता आणि काम आठवड्यात उरकेल असे मी सांगून बसले होते. 'इक्वॅनिमिटी', म्हणजे सुखदुःखात मनाचा तोल ढळू न देणे, या एका शब्दापाशी मात्र माझे घोडे अडले. पतंजलींच्या योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्या आहेत आणि त्यांतली चौथी म्हणजे नेमकी हीच अवस्था, एवढे मला ठाऊक होते. म्हणून जरा अभिमानानेच मी 'उपेक्षा' हा शब्द योजला आणि तळाशी एक ओळ स्पष्टीकरणाची टाकली.

छपाईआधी पुस्तिका दादरला काही कुटुंबांना वाचायला दिली होती. त्यांत लालबागचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी ते पान दोनदा वाचले, चष्मा काढला आणि मला विचारले, "ताई, म्हणजे मी हिची उपेक्षा करू? आठ वर्षं झाली, हिला सोडून एक रात्र बाहेर काढली नाही मी." तळाशी दिलेले स्पष्टीकरण त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते, आणि ते पोचायला हवे होते असे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. उपेक्षित, उपेक्षा वाट्याला येणे, उपेक्षेने मारणे असेच तर आपण म्हणतो. मराठी माणसाला त्या शब्दातून दुसरे काय ऐकू येणार?

घरी परतताना गाडीत बसून मी त्या शब्दाची फोड करीत होते. उप म्हणजे जवळ आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. प्रेक्षक, परीक्षा, निरीक्षण, अपेक्षा ही सारी त्याच धातूची लेकरे. म्हणजे उपेक्षा हे मुळात जवळून पाहणे आहे, आणि आपण तिचा अर्थ करतो पाठ फिरवणे. हा दोष एकट्या मराठीचा नाही. संस्कृतातही दुर्लक्ष हा अर्थ जुनाच आहे. कामंदकाच्या 'नीतिसार' या राजनीतीवरच्या ग्रंथात साम-दानादी उपायांच्या पंक्तीला उपेक्षाही बसवली आहे, आणि तिथे ती राजाने जाणूनबुजून केलेली डोळेझाक आहे. एकाच शब्दाच्या पोटात दोन परस्परविरोधी वृत्ती पूर्वीपासून नांदत होत्या. आपल्याकडे त्यांपैकी एक उरली.

ही अडचण पंधराशे वर्षांपूर्वी एका माणसाने अचूक हेरली होती, हे मला नंतर कळले. बुद्धघोषाने पाचव्या शतकात श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ लिहिला. त्याच्या नवव्या प्रकरणात त्याने या चार भावनांपैकी प्रत्येकीचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. दूरचा शत्रू ओळखायला सोपा असतो, कारण तो उघड विरोधात उभा असतो. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष आणि करुणेचा क्रौर्य, यात कोणाची फसगत होत नाही. खरी गंमत जवळच्या शत्रूत आहे. तो त्या भावनेसारखाच दिसतो, तिच्याच घरात राहतो आणि आपण त्यालाच ती समजून बसतो. मैत्रीचा जवळचा शत्रू आसक्ती आहे. करुणेचा जवळचा शत्रू शोक आहे, म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून आपणही त्यात बुडणे. आणि उपेक्षेचा जवळचा शत्रू आहे अज्ञानातून आलेली बेफिकिरी, काही कळत नाही म्हणून काही वाटत नाही ती स्थिती. मी थक्क झाले. बुद्धघोष ज्या तोतयापासून सावध करीत होता, त्यालाच आपल्या भाषेने गादीवर बसवले आहे.

त्याच प्रकरणात चार मुलांच्या आईचा दृष्टान्त आहे. एक मूल तान्हे, एक आजारी, एक ऐन तारुण्यातले आणि एक आपापल्या कामाधंद्याला लागलेले. तान्हे मोठे व्हावे, आजारी बरे व्हावे आणि तरुणाने तारुण्याचे सुख भोगावे, असे तिला वाटते. कामाला लागलेल्या मुलाची ती चिंता करीत नाही. त्याच्यावर तिचे प्रेम नाही असे कोण म्हणेल? ही चौथी दृष्टी म्हणजे उपेक्षा.

या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मुंबईतच भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये काढली आणि ती सिद्ध केली धर्मानंद कोसंबी यांनी. पालीच्या ओढीने गोव्यातले घरदार सोडून नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश पालथे घालणारा हा माणूस परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारतो आणि साध्या मराठीत बुद्धाचे चरित्र लिहितो, याचा आपल्याला पुरेसा अभिमान नाही. शाळेत त्यांचे नाव मी ऐकल्याचे आठवत नाही. उपेक्षा म्हणायची तर ही.

एका शब्दाने ठेच लागल्यावर बाकीचेही तपासावेसे वाटू लागले. 'वेदना' घ्या. मराठीत ती दुखण्यापुरती उरली आहे. बौद्ध विचारात मात्र वेदना सुखद असते, दुःखद असते आणि धड सुखद ना दुःखद अशीही असते. इंद्रियाचा वस्तूला स्पर्श झाला की मनात उमटणारी पहिली चव म्हणजे वेदना. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे दुःख कशामागून कसे उपजते ते सांगणारी बौद्धांची कारणसाखळी. तिच्या बारा कड्यांत स्पर्शानंतर वेदना आणि वेदनेनंतर तृष्णा येते. सारा अभ्यास वेदना आणि तृष्णा या दोन कड्यांमधल्या फटीत चालतो. वेदना टाळता येत नाही, पण तिच्यामागून 'हे हवेच' किंवा 'हे नकोच' असे जे उसळते, ते उसळताना पाहता येते. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि पहिले विपश्यना शिबिर त्यांनी मुंबईतच घेतले. शिकवताना ते 'संवेदना' म्हणत, आणि त्यामागचे व्यवहारज्ञान मला आता कळते. वेदनेकडे पाहा म्हटले असते, तर आठ हजार माणसे बसतील एवढ्या गोराईच्या पॅगोडात निम्मे लोक गुडघेच चाचपत बसले असते.

संयुत्तनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात याच संदर्भात दोन बाणांची उपमा येते. अंगाला दुखापत होते तो पहिला बाण. मग माणूस हळहळतो, चिडतो, छाती बडवून घेतो, तो दुसरा बाण, आणि हा दुसरा त्याला मनात लागतो. त्या सुत्ताचे, म्हणजे प्रवचनाचे, नाव 'सल्ल', म्हणजे शल्य. मराठीत 'मनात सल राहिला' असे आपण म्हणतो, तो सल हाच. इथे मात्र भाषेने अर्थ अगदी जपून ठेवला आहे. पायात काटा मोडला तर त्याला आता सहसा कोणी सल राहिला असे म्हणत नाही, तो राहतो मनातच, म्हणजे दुसरा बाणच. पुस्तिकेत मी ही उपमा घातली आणि ती कोणाला समजावून सांगावी लागली नाही. आईने मुलीला ओळखले नाही, हा पहिला बाण. 'एवढे करून हिला माझे नावही आठवत नाही', हा दुसरा.

'अस्मिता' या शब्दाविषयी मुंबईत बसून लिहिताना जरा जपून लिहावे लागते. इथे तो फलकांवर आणि भाषणांत असतो, आणि त्याला धक्का लागलेला कोणाला खपत नाही. योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी दुसरा क्लेश आहे. पाहणारा आणि ज्याच्या योगे पाहिले जाते ते साधन ही दोन्ही एकच आहेत असे वाटणे, अशी पतंजलींची व्याख्या आहे. तिच्यात कोणाची निंदा नाही. मनाच्या एका सवयीचे ते वर्णन आहे. त्याच यादीतला शेवटचा क्लेश 'अभिनिवेश'. आपण अभिनिवेशाने वाद घालतो, तर सूत्रात अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची जन्मजात ओढ. ती विद्वानालाही सुटत नाही, असे सूत्रकारांनी मुद्दाम नोंदवले आहे. मला ते फार प्रामाणिक वाटते.

'अहंकार' तर आपण गर्वाच्या खात्यात जमाच करून टाकला आहे. सांख्य दर्शनातला अहंकार हे मनाच्या यंत्रणेतले एक साधे काम आहे, जे समोर घडते त्याला 'माझे' किंवा 'माझ्याशी' असा शिक्का मारण्याचे. सांख्यकारिकेवरील टीकेत वाचस्पती मिश्रांनी हे अशा रीतीने दाखवले आहे की एखादे दृश्य डोळ्यांपुढे उभे राहावे. अंधूक उजेडात आधी नुसते काहीतरी दिसते. लक्ष देऊन पाहिल्यावर धनुष्याची दोरी कानापर्यंत ओढलेला चोर आहे असे ठरते. मग 'हा माझ्याच अंगावर येतो आहे' असे वाटते, आणि मग 'इथून निघावे' असा निश्चय होतो. इंद्रिय, मन, अहंकार आणि बुद्धी यांची कामे अशी एकामागून एक होतात. पुढे ते म्हणतात की नेहमी असे घडत नाही. काळ्याकुट्ट रात्री वीज चमकली आणि अगदी समोर वाघ दिसला, तर चारही कामे एकदमच होतात आणि माणूस उडी मारून बाजूला होतो.

मी राहते बोरिवलीला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला. आमच्याकडे वाघाच्या जागी बिबट्या घालावा लागतो, एवढाच फरक. आमच्या सोसायटीच्या रखवालदाराने एका पहाटे पाण्याच्या टाकीजवळ बिबट्या पाहिला. 'पाहिलं कधी आणि पळालो कधी ते कळलंच नाही', हे त्याचे वाक्य वाचस्पतींच्या टीकेत शब्द न बदलता शोभले असते.

त्याच उद्यानाच्या पोटात कान्हेरी आहे. शंभरांहून अधिक लेणी, जवळजवळ प्रत्येक विहाराबाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी, आणि कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे ब्राह्मी लेख. त्या लेखांत टाकीला 'पोढी' म्हटले आहे. अनुवाद अडला असताना एका रविवारी मी तिथे गेले आणि एका लहान विहारात दगडी ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. माकडांनी डबा पळवला, तो भाग वेगळा. इथे राहणाऱ्या भिक्षूंनी आपले मन न्याहाळण्यात आयुष्ये घालवली आणि तेच त्यांचे मुख्य काम होते. चित्तात काय उठते, कशामागून उठते, किती टिकते आणि कसे मावळते, याच्या याद्या अशा कातळांतच पाठ होत असणार. अभिधम्मात, म्हणजे मनाची बारकाईने फोड करणाऱ्या बौद्ध शास्त्रात, चित्ताबरोबर उठणारे ५२ चेतसिक मोजले आहेत. ही मोजदाद कोणाला कोरडी वाटेल. मला तिच्यात निसर्गशास्त्रज्ञाची चिकाटी दिसते.

पण तिथेच बसलेली असताना एक गोष्ट मला टोचली. बुद्धघोष त्या जवळच्या शत्रूंपैकी शोकाला आणि बेफिकिरीला 'गेहसित' म्हणतो, म्हणजे घराच्या आश्रयाने राहणारे. त्याचा वाचक घर सोडून आलेला होता. माझा वाचक दोन खोल्यांत, सदैव लावलेल्या कडीच्या आत, भाजी आणायलाही घर सोडू न शकणारा आहे. पतंजलींना कैवल्य हवे होते, संसार सुरळीत चालण्याची त्यांना चिंता नव्हती. म्हणून 'आधुनिक मानसशास्त्रात जे आहे ते सगळे आमच्याकडे आधीच होते' असे निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर फिरतात, तेव्हा मला त्यातला अर्धाच भाग पटतो. निरीक्षणे होती, आणि ती आजही चकित करतात. हेतू मात्र निराळा होता. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णालयात ध्यानाचा वापर सुरू केला तो जुनाट दुखणी आणि ताण सोसणाऱ्या रुग्णांसाठी, निर्वाणासाठी नव्हे. वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात आणताना तिचे काय होते, हे पाहायला नको का? शिवाय स्मृतिभ्रंशाला औषधोपचार लागतो, तिथे सूत्रे पुरत नाहीत. आणि हा शब्दही पाहा. गीतेत स्मृतिभ्रंश रागातून येतो. कोण आहोत, काय करायचे ते संतापात विसरणे, असा तो अर्थ आहे. त्या अर्थाने घरात तो रुग्णापेक्षा काळजी घेणाऱ्यालाच अधिक वेळा होतो.

'इक्वॅनिमिटी'ला शेवटी काय लिहिले? समभाव लिहून पाहिले, ते सर्वधर्मांकडे गेले. समचित्त, स्थितप्रज्ञ हे शब्द पुस्तिकेच्या मानाने फार उंच होते. अलिप्तता तर पुन्हा त्याच तोतयाची बहीण. केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, "शब्द राहू द्या, काय करायचं ते लिहा." मग मी लालबागच्या त्या काकांना फोन केला आणि विचारले, काकू संध्याकाळी 'मला माझ्या घरी सोडा' म्हणून आरडाओरडा करतात तेव्हा तुम्ही काय करता?

"पहिल्यांदा मीही ओरडायचो," ते म्हणाले. "हेच घर आहे म्हणून सांगायचो. आता जवळ बसतो. तिचं चाललेलं असतं, ते चालू देतो. पंख्याखाली घामाघूम होते, तर पदराने कपाळ पुसतो. बघत बसतो तिच्याकडे, बस."

पुस्तिकेच्या अकराव्या पानावर त्यांचे हे बोलणे, त्यांच्या परवानगीने आणि नाव न देता, जसेच्या तसे छापले आहे. उपेक्षा हा शब्द मी काढून टाकला.