कान तुटलेला कप

शुक्रवार, दुपारी

९ वाजून २९ मिनिटांनी मेल आला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा गुरुवारची रात्र, ११:५९. एनवायसी मिडनाइट या तिकडच्या संस्थेच्या पटकथा स्पर्धेचं हे असंच, गोष्टीचा प्रकार, विषय आणि पात्र ते मेलनं देतात. मध्यरात्र त्यांची, आणि आपल्याकडे ती उगवते नेमकी कामावर पोचायच्या वेळेला. स्कूटर स्टँडवर लावली आणि हेल्मेटसकट तिथेच उभं राहून वाचलं. प्रकार: भूतकथा. विषय: उधारी. पात्र: किल्लीवाला.

उधारी वाचून हसूच आलं. अकरा वर्षं पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसतेय, आता न्यूयॉर्कहूनही तेच.

पहिल्या फेरीत ८ दिवस आणि १२ पानं होती. या दुसऱ्या फेरीत ३ दिवस, ८ पानं. यातून निभावलं तर शेवटची फेरी २४ तास, ५ पानं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा तिकडचा हिशेब. म्हणजे मला सोमवारी सकाळी ९:२९ च्या आत आठ मिनिटांचं भूत उभं करायचंय. इंग्रजीत.

वेळेचा हिशेब यंदा फळ्यावर खडूनं लिहून ठेवलाय. मागे मार्चमध्ये अशाच एका छोट्या स्पर्धेत तोंडावर पडले होते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणजे तिकडची तीच वेळ आपल्याकडे तासभर आधी येते. स्पर्धा सुरू झाली आपल्या साडेदहाला, म्हणून संपेलही साडेदहालाच असं मी धरून चालले. सव्वादहाला फाइल चढवायला गेले तर दार बंद होऊन पाऊण तास झालेला! चूक सर्वस्वी माझी. घरात मात्र आठवडाभर मी अमेरिकेच्या घड्याळाला शिव्या घालत होते.

शुक्रवार, रात्री ११

गोष्ट सापडली असं वाटतंय. वाड्यात एकटा राहणारा म्हातारा. रात्री किल्लीवाल्याला बोलावतो, लोखंडी कपाट उघडून दे म्हणतो. आत असते जुनी उधारीची वही, आणि वहीत किल्लीवाल्याच्याच बापाचं नाव. पैसे त्या बापाचे येणे होते, म्हाताऱ्यानं बुडवले. आणि म्हातारा जिवंत नाहीये. कपाट स्वतःला उघडता येत नाही म्हणून तर माणूस बोलावला.

सगळी गोष्ट एका शब्दावर उभी आहे. म्हातारा सुरुवातीपासून किल्लीवाल्याला "अरे, तू" करतो. चाळिशीचा बाप्या आहे तो, तरी "तू". शेवटी वही उघडल्यावर म्हातारा म्हणतो, "बसा." एवढंच. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

मग इंग्रजी करायला बसले आणि काटा गेला. आधी "यू", नंतरही "यू". बसा म्हणजे "सिट", बस म्हणजेही "सिट". पुढे "प्लीज" लावून पाहिलं, ते विमानातल्या सूचनेसारखं वाटलं. "सर" लावलं तर म्हातारा हॉटेलातला वेटर झाला. पाऊण तास या एका शब्दाशी झटले. पुण्यात कॉलेजला असताना पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका लिहिली होती, तेव्हा असं "अहो-अरे" करून अख्खा रंगमंच फिरवता यायचा. तिथे नटाचा आवाज होता आणि समोर बसलेलं पब्लिक आपलं होतं.

शनिवार, दुपारी ३

जेवणाच्या सुट्टीत खऱ्याखुऱ्या किल्लीवाल्याकडे जाऊन आले. बँकेच्या भिंतीला टेकून पत्र्याची पेटी मांडून बसतो. माळ्यावरच्या ट्रंकेचं कुलूप नेलं होतं, त्याची किल्ली हरवून काही वर्षं झालीत. पाहायला मिळालं ते लाखमोलाचं निघालं. कोरी किल्ली कुलपात घालून त्यानं जोर लावून डावी-उजवी हलवली, बाहेर काढली, उन्हात तिरकी धरून बघितली. पितळेवर केसाएवढे दोन ओरखडे. तेवढ्याच जागी कानस फिरवली, तीन-चार वेळा, फार नाही. पुन्हा घातली, पुन्हा हलवली, पुन्हा उन्हात धरली. कुलूप स्वतःच सांगत होतं कुठे घासायचं ते. सहाव्या-सातव्या खेपेला कट्ट.

हा माणूस पूर्ण वेळ एक शब्द बोलला नाही. माझ्या पटकथेतला किल्लीवाला मात्र दीड पान बापाची आठवण काढत होता. परत येऊन पहिलं काम केलं, ते दीड पान उडवलं. आता तो फक्त किल्ली घासतो, आणि म्हाताऱ्यानं बापाचं नाव उच्चारल्यावर कानस थांबते.

शनिवार, रात्री

जेवताना आईंना गोष्ट सांगितली. सासूबाई माझ्या पहिल्या वाचक, म्हणजे श्रोत्या. इंग्रजी येत नाही, आणि तेच बरं आहे. त्यांना भाषेनं भुलवता येत नाही, नुसतं काय घडतं तेवढं सांगावं लागतं.

मी सांगत होते, म्हातारा त्याला चहा करून देतो. आईंनी भाकरी खाली ठेवली. "भूत ना तो? मग कपाट उघडता येत नाही आणि चहा बरा करता येतो?"

आमच्या ह्यांना हसू आवरेना. माझ्या पोटात गोळा. सहा पानं लिहून झालेली, आणि भोक एवढं मोठं की त्यातून बैलगाडी जाईल.

मग आई जरा वेळानं म्हणाल्या, "चहा त्या किल्लीवाल्यालाच करायला लाव. म्हातारा नुसता बसून सांगेल, कुठल्या कपात घे ते." आणि पुढे, ताटाकडे बघतच, "आमच्याकडे होता तसा एक कप. कान तुटलेला. ओसरीवरच्या कोनाड्यात असायचा, बाहेरच्या माणसांसाठी. धुवायचा पण ज्याचा त्यानंच."

बाहेरची म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आम्हाला दोघींनाही माहीत होतं. ह्यांचं हसणं थांबलं. आईंनी उरलेली भाकरी संपवली आणि उठल्या.

ओट्याशी उभी राहून भांडी लावताना शेवट जागेवर बसला. सुरुवातीला म्हातारा खिडकीतल्या एकट्या कपाकडे बोट दाखवतो, कान तुटलेल्या. फळीवर पाच चांगले कप टांगलेले, तरी. शेवटी वही उघडते. किल्लीवाला निघताना पुन्हा चहा ओततो, सवयीनं तोच कप पुढे ओढतो. म्हातारा मान हलवतो आणि फळीकडे बोट करतो.

"बसा" गेलं. त्या जागचं बोलणंच गेलं. न्यूयॉर्कमधल्या वाचणाऱ्याला कोनाड्याचा इतिहास ठाऊक असायची गरज नाही. पाच कप एकीकडे आणि एक दुसरीकडे, हे कुणालाही दिसतं. म्हातारा कशालाच हात लावत नाही, हेही आता पहिल्या पानापासून डोळ्यांसमोर आहे. लक्षात येईल ते सातव्या पानावर.

रविवार, रात्री १

सव्वानऊ पानं झाली होती. आज दिवसभर नुसती कापाकापी. रविवारचं मटण ह्यांनी केलं, मी तीन घास गिळून पुन्हा बसले. नाक्यावरचा अख्खा पहिला सीन गेला, गोष्ट थेट वाड्याच्या दारात सुरू होते. मग बारीक कामं. परिच्छेदाच्या शेवटी एकटा शब्द खालच्या ओळीत लोंबकळत असेल तर वरचं काहीतरी गाळून त्याला वर ओढायचं, एक ओळ वाचते. अशा चौदा ओळी मिळवल्या. वसुलीत असते तशीच चिवट चिकाटी, पाच-पाचशे करत.

साडेबाराला आठ पानांत बसलं. आनंदानं मान मोडेपर्यंत आळस दिला, आणि मग दिसलं की कागद ए-फोर लावलाय. तिकडे चालतो लेटर नावाचा कागद, तो ए-फोरपेक्षा चांगला पाऊण इंचाच्या जवळपास आखूड. पटकथेचा कुरिअर टाइप १२ पॉइंटचा, इंचाला ६ ओळी. म्हणजे पानामागे चार ओळी, आठ पानांच्या बत्तीस. उगाच शंकेला जागा नको म्हणून कागद बदलला आणि गोष्ट सरळ नवव्या पानावर सांडली.

बत्तीस ओळी कुठून आणायच्या? म्हाताऱ्याचं पश्चात्तापाचं भाषण होतं, बरोबर तेवढंच. मला फार आवडायचं. शुक्रवारी रात्री सगळ्यात आधी तेच लिहिलं होतं. कप असताना ते कशाला, हे मला कालच कळलं होतं, पण हात होत नव्हता. आज कागदानं करून घेतलं.

सोमवार, सकाळी ११, ऑफिस

८:५२ ला फाइल पाठवली. कुठेही स्वतःचं नाव नाही, मुखपृष्ठावर शीर्षक आणि दोन ओळींत गोष्ट. शीर्षक "येणे बाकी", इंग्रजीत त्याचं काय करायचं यात वीस मिनिटं गेली आणि शेवटी साधंसुधं "बॅलन्स ड्यू" ठेवलं.

पाठवलेली फाइल पुन्हा उघडायची नाही हा माझा नियम. अर्थात मी उघडली. पान ३, मधोमध: म्हातारा चष्मा काढतो, धोतराच्या सोग्यानं पुसतो, पुन्हा घालतो. शनिवारच्या आधीचं वाक्य. चार वेळा वाचून नजरेतून सुटलेलं.

आईंना फोन केला. पलीकडे कुकरची शिट्टी होती. विचार करून म्हणाल्या, "धोतर नेसलाच आहे ना तो? मग चष्मापण त्याच्याबरोबरच गेला असेल. चालतंय."